कडुनिंबाचं बारसं

घोडनदी, शिरूर
नोव्हेंबर १९७४

तीर्थरूप कोंडिबामामांस,

तुमचा भाचा याकोब याचा प्रभूच्या नावे सलाम. मामींचा गुडघा आणि तुमचा खोकला, यांपैकी निदान एकाला तरी उतार पडला असेल अशी आशा करतो. आम्ही सगळे देवाच्या दयेवर आणि मामींच्या लोणच्यावर बरे आहोत.

मागच्या पत्रात मी तुम्हाला मोठी करवत घेऊन या, असं लिहिलं होतं. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळापुढचा जुना कडुनिंब पाडायचा आणि त्याची नवी बाकं करायची, असा माझा बेत होता. (तुम्ही रेल्वेतले सुतार, म्हणजे घरचाच कारागीर.) मंडळी कुरकुरत होती. पण पाळक मीच, तेव्हा कापणीच्या सणाला उपदेशातूनच सगळ्यांना गप्प करायचं ठरवलं. विषय घेतला सृष्टीच्या उत्पत्तीचा. देवाने पशुपक्षी आदामापुढे आणले, त्याने त्यांना नावं दिली. आणि जो नाव देतो तो मालक, मालकाने आपल्या वस्तूचं काय करावं ते त्याचं त्याने बघावं, असं चांगलं तासभर सांगितलं. (आदामाने झाडांना नावं दिल्याचं शास्त्रात कुठे नाही, हे मला ठाऊक होतं. तेवढा भाग मी भरभर बोललो.)

आशीर्वाद होतो न होतो तोच अंजना उभी राहिली. तुमची भाची गप्प बसणाऱ्यांतली नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं? म्हणाली, “दादा, तुझ्या पोरीची आत्या म्हणून बारशाला नाव म्या ठिवलं. मंग पोरगी माझी व्हय? आजच घिऊन जाते.” सगळं देऊळ हसलं. माझी बायको सगळ्यांच्या आधी हसली. सावरायला म्हणून मी त्याच अध्यायातल्या आधीच्या ओळी काढल्या, तर तिथे देवाने माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत करायला आणि तिला राखायला. म्हणजे मी आणखीच गाळात रुतलो. संध्याकाळी बायकांनी निंबाच्या फांदीला साडीचा पाळणा बांधला, त्यात त्याचीच डहाळी निजवली, घुगऱ्या वाटल्या आणि खोडाच्या कानात (तो कुठे असतो ते अंजनाने ठरवलं) नाव सांगितलं. दुष्काळात याच झाडाखाली सुकडी वाटली होती, हे मी सोडून सगळ्यांना आठवत होतं.

घुगऱ्या खाताना मला तुमची आठवण झाली. आम्हाला आत्या नव्हती, म्हणून माझं नाव तुम्ही ठेवलंत. पुढे बाप गेला तेव्हा आईला आणि आम्हा दोघांना दौंडच्या तुमच्या एका खोलीत नेलंत, शिकवलंत, आणि आजवर कधी मालकी सांगितली नाहीत. नाव देणाऱ्याने काय करायचं असतं, ते माझ्या घरातच होतं आणि मी पुस्तकात उलटं वाचत बसलो. मामा, तुमचे उपकार मी विसरलेलो नाही. तुम्ही समोर असता तर एवढं बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं.

तुमचा,
याकोब

ता. क. बाकं मात्र खरोखरच डुगडुगतात. करवत राहू द्या, रंधा आणि हातोडी घेऊन या, जुनीच ठोकून देऊ. चहा निंबाखाली मिळेल.

आणखी एक ता. क. निंबाचं नाव लिहायचं राहिलं. ‘कोंडिबामामा’ असं ठेवलंय. करवत घेऊन तुम्ही आधीच एस.टी.त बसला असाल, तर ती पोत्यात गुंडाळून आणा. नाहीतर कोंडिबामामाला कापायला कोंडिबामामा आलेत म्हणून अंजना तुम्हाला फाटकातूनच परत पाठवेल.