ऐकावं, पण सांगू नये

साकाई, ४ ऑक्टोबर

ती. तोकुहेइदादास,
सवाएचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं वाकामेचं समुद्री शेवाळ पोचलं. सूप केलं आणि एकटीनंच प्यायले. वादळ तुमच्या किनाऱ्यावरून गेल्याचं बातम्यांत पाहिलं, तेव्हापासून बातम्या लावूनच बसलेय. मासातोची बोट या दिवसांत म्हाकळाच्या मासेमारीला तुझ्याच समुद्रात असते. बाप ज्या बोटीवरून समुद्रात गेला तिच्यावर पाय ठेवलास तर मला तोंड दाखवू नकोस, असं मीच पोराला बोलले होते. कार्टं बापासारखंच हट्टी. दोन वर्षं खरंच दाखवलं नाही.

तुझं ते रेडिओचं खोकं, ज्याला वहिनी सवत म्हणायची, ते अजून आहे ना? बोटी दुपारी साडेतीनला रेडिओवरून मच्छीमार संघाकडे हजेरी देतात हे तूच सांगितलं होतंस. त्याच्या एबिसुमारू बोटीची हजेरी हल्ली मासातो देतो, असं कप्तानाच्या बायकोनं नववर्षाच्या कार्डात लिहिलं होतं. तिलाच विचारलं असतं, पण मग माझा पोरगा माझ्याशी बोलत नाही हे कबूल करावं लागलं असतं. तू एवढंच लिही, त्याचा आवाज आला की नाही. बाकी काही नको.

गुडघे सांभाळ, आणि माझ्यावरचा जीव आहे तसाच ठेव.

तुझी सवाए


कामोउरा, ९ ऑक्टोबर

चि. सवाए हिस अनेक आशीर्वाद.

गुडघे जागेवर आहेत, त्यापलीकडे त्यांचं कौतुक करण्यासारखं काही नाही. वादळात मागच्या पडवीचे चार पत्रे उडाले. दोन सापडले.

आता तुझी मागणी. आपल्याकडे रेडिओ ऐकायला कायद्याची ना नाही. पण दुसऱ्यांचं बोलणं कानावर पडलं तर ते कुणाला सांगायचं नाही, वापरायचं नाही. बोलणं झालं होतं एवढंसुद्धा सांगायचं नाही. म्हणजे तू मागतेस नेमकं तेच. कायदेपंडित म्हणून हसू नकोस. एकदा मोडून बसलोय. शेजारच्या कुमेबाईंना मी हौसेनं सांगितलं होतं, तुमचे हे परत निघालेत म्हणून. बोट वाटेत दुसऱ्या बोटीच्या मदतीला वळली. बाई आनंदाचा लाल भात रांधून दोन दिवस पावसात धक्क्यावर उभी राहिली आणि पुढे महिनाभर अंथरुणाला खिळली. मला एका शब्दानं बोलली नाही, तेच जास्त लागलं.

राग येईल. आला तरी पत्र लिहीत जा.

तोकुहेइ


साकाई, १३ ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

पोलीस काय आपली पत्रं उघडून वाचताहेत? सख्खा मामा ना तू त्याचा? कुमेबाईंना निदान दोन दिवस आशा तरी होती. मला तेवढीही देववत नाही तुला. दमले रे मी दादा. रोज साडेतीनला घड्याळाकडे बघते आणि काही होत नाही.

आज लोभबिभ काही मागत नाही.

सवाए


कामोउरा, १७ ऑक्टोबर

चि. सवाए हिस आशीर्वाद.

कायदा खरा आहे, कुमेबाईही खऱ्या. पण मी त्यांच्याआड लपलो होतो. गेली दोन वर्षं मला शब्दच लागत नाहीत. रोज साडेतीनला खोकं लावतो, खरखर येते, माणसं बोलताहेत एवढं समजतं. त्यांत आपला पोरगा आहे का, ते कळत नाही. चाळीस वर्षं ज्या कानांचा तोरा मिरवला ते गेले, हे तुला लिहायची लाज वाटली.

तेव्हा तूच ये. तुझे कान चांगले आहेत, लहानपणी माझ्या खिशातली गोळी वाजली तरी तुला कळायची. सांगायला बंदी आहे, ऐकायला नाही. अंथरूण उन्हात घातलंय.

वाट पाहणारा,
तोकुहेइ


साकाई, २ नोव्हेंबर

ती. दादास सवाएचा शि. सा. न.

सुखरूप पोचले. आठ दिवस तुझं अळणी जेवण जेवले, त्याबद्दल माझेच आभार मान.

शेवटच्या दुपारी मी रुमालाआड रडले ते तू पाहिलंस, आणि स्टेशनवर गाडी हलेपर्यंत काय ऐकलंस, काय ऐकलंस म्हणून माझा पिच्छा पुरवलास. नाही सांगणार. कायदा तुझाच आहे.

मी अठराला पुन्हा येतेय. एकोणीसला सकाळी बंदरावर जाऊ, छत्री घे, आणि त्या दिवशी भात तिघांचा लाव. त्याला कडक लागतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी सवाए


कामोउरा, ५ नोव्हेंबर (कार्ड)

चि. सवाए हिस आशीर्वाद.

ऐकलेलं वापरणं हासुद्धा गुन्हाच, बरं का. नवे तांदूळ आणलेत. तिसरा वाडगा कुठे ठेवलाय तो सापडत नाही, शोधतोय.

तोकुहेइ