दीड औंस

लिंडेनफोर्क, आयोवा
६ मे २०१२

चि. आर्लीनला मर्लदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहायचं कारण, फोनवर मला आता काही म्हणजे काही ऐकू येत नाही. चाळीस वर्षं कारखान्यात धातू कातायच्या लेथशेजारी उभा राहिलो, त्याचं हे बक्षीस. बाकी ठीक. गुडघे कुरकुरतात, परसात आंबट देठांचा रुबार्ब माजलाय, लेक रोंडा त्याचे गोड ‘पाय’ भाजून भाजून थकली आणि मी खाऊन खाऊन.

आता कामाचं. आपल्या टेटचा, रोंडाच्या पोराचा, हा शाळेच्या बेसबॉलचा शेवटचा मोसम. बाकीच्या राज्यांतली पोरं मेअखेर बॅटी गुंडाळून ठेवतात, आपली तेव्हा कुठे मैदानात उतरतात, हे तुला सांगायला नको. जूनमध्ये एका कॉलेजचे कोच त्याला बघायला येणार आहेत. त्यांच्या मनात भरला तर पोराचं शिक्षण होईल, नाहीतर बापासारखा ट्रक चालवेल. आणि नेमकी यंदाच नवा नियम काढून मेल्यांनी त्याची जुनी बॅट बाद केली! तू ओमाहाच्या दुकानात तीस वर्षं गल्ल्यामागे उभी राहून बॅटी विकल्यास. सांग, कोणती घेऊ? अ‍ॅल्युमिनियमचीच हवी. लाकडाच्या मोडत बसायला आपण काही लखपती नाही.

रोंडा आणि टेट तुझी आठवण काढतात. तब्येतीला जप.

तुझा,
मर्लदादा

---

ओमाहा
११ मे २०१२

प्रिय मर्लदादा, सा. न. वि. वि.

नातवासाठी का होईना, तुला माझी अक्कल विचारावीशी वाटली हे वाचून खुर्चीतून पडायची बाकी राहिले.

नीट वाच. शाळा आणि कॉलेज, दोन्हीकडे आता एकच नियम. बॅटीवर नवा शिक्का हवा. तो नसेल तर पंच सामन्याआधीच बाजूला काढतो. लांबीचे इंच आणि वजनाचे औंस यांत तीनपेक्षा जास्त फरक चालत नाही. टेटच्या उंचीला तेहतीस इंची आणि तीस औंसाची ठीक. एकसंध धातूची घे, थंडीत आणि चुकीच्या फटक्याला टिकते. मूठ त्याच्याच हातात देऊन बघ, तुझ्या नको. तुझे पंजे फावड्याएवढे आहेत. स्वस्त मिळते म्हणून मागच्या सालची उचलू नकोस, आणि कुणी गाडीच्या डिकीतून काढून दाखवली तर मुळीच नको.

आणखी एक. नव्या बॅटी थंड आहेत, चेंडू पूर्वीसारखा उडत नाही. तक्रार करू नकोस, त्या मुद्दामच तशा केल्यात. जुन्या बॅटींनी समोरून चेंडू फेकणाऱ्या पिचरची तोंडं फुटत होती. मी दुकानात असताना अशाच तोंड फुटलेल्या एका पोराची आई त्याची बॅट परत करायला आली होती. ती पैसे न घेताच निघून गेली.

आणि दादा, ती बॅट तुझ्या गॅरेजमधल्या लेथपासून लांब ठेव. तू माझं शिवणयंत्र दुरुस्त केलंस, ते असं काही धावलं की माझं बोटच शिवून निघालं. व्रण अजून आहे.

लोभ आहेच, तो वाढव.

तुझी धाकटी,
आर्लीन

---

लिंडेनफोर्क
१४ जून २०१२

चि. आर्लीनला अनेक आशीर्वाद.

तू सांगितलीस तश्शीच घेतली. तेहतीस इंची, तीस औंस, शिक्का लखलखीत. आणि काय सांगू, मेलेली गं, साफ मेलेली! पहिल्या चार सामन्यांत पोराने जीव तोडून फटके मारले आणि चेंडू जाऊन बसायचा समोरच्याच्या हातमोज्यात. घरी येऊन त्याचं आवडतं पोर्क टेंडरलॉइन समोर ठेवलं तर नुसतं उकरायचा. मला बघवेना.

पण आता सगळं पालटलंय. काय केलं ते विचारू नकोस, म्हाताऱ्याची कला समज. परवा एकाच सामन्यात दोनदा चेंडू कुंपणापलीकडे सोयाबीनच्या शेतात! कॉलेजच्या कोचनी रोंडाला फोन केला, एकवीस तारखेला स्वतः येतो म्हणाले. गावात मला टोपी काढून नमस्कार करतात, जणू मीच मारतोय.

माझ्या कलेनंतर त्या बॅटीने पहिला सराव करून आला त्या दिवशी टेट गॅरेजच्या दारात बराच वेळ उभा होता. लेथकडे बघत होता. काय रे, म्हणून विचारलं तर मान हलवली आणि मला घट्ट मिठी मारली. सतरा वर्षांचा घोडा, पण मिठी मारली.

गंमत म्हणजे रोंडाच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर बॅट ठेवली तर साडेअठ्ठावीसच भरली. हलकी, म्हणून हात कसा सपकन् फिरतो.

तुझ्या वरच्या खोलीत यंदा ओमाहातल्या कॉलेज-सामन्यांचे पाहुणे भाड्याने राहायला आले का? कळव.

तुझा,
मर्लदादा

---

ओमाहा
१९ जून २०१२

मर्लदादा,

नमस्कार-चमत्कार राहू दे. तुझं पत्र आज आलं आणि त्यातला वजनाचा आकडा मी तीनदा वाचला.

साडेअठ्ठावीस? दादा, तीस औंसाची बॅट मुठीच्या पट्टीसकट तिसाच्या वरच भरते, खाली कधीच नाही. ते दीड औंस गेले कुठे? मी सांगते कुठे. टोकाचं झाकण काढून तू ती आतून लेथवर कातलीस. धातू पातळ झाला, बॅट जिवंत झाली. अरे, तू काय केलंस हे तुला कळतंय का? हे काही शिवणयंत्र नाही! ज्या कारणासाठी नियम आला ते कारणच तू पोराच्या हातात दिलंस. साठ फुटांवर दुसऱ्या कुणाचं तरी पोर उभं असतं.

आजच्या आज ती बॅट मोडून टाक. टेटसाठी शाळेतल्या एखाद्या सोबत्याची बॅट माग, काहीही कर. एकवीस तारखेला ती मैदानावर नेऊ नकोस. तुला फोन ऐकू येत नाही, आणि रोंडाला फोन करून तिच्या बापाबद्दल असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून जलद टपालाने पाठवते.

आर्लीन

---

लिंडेनफोर्क
२३ जून २०१२

आर्लीन,

तुझं पत्र काल बावीसला मिळालं.

परवा संध्याकाळी तिसऱ्या डावात टेटने सरळ मारला. शेजारच्या गावचा लेव्ही क्राउस पिचर होता. दूधवाल्या क्राउसचा मुलगा. त्याला हात वर करायलाही वेळ मिळाला नाही. मला आवाज ऐकू आला नाही, तुला ठाऊकच आहे. मला फक्त दिसलं. तो गुडघ्यांवर बसला, जशी माणसं प्रार्थनेला बसतात, आणि मग पुढे पडला. माझ्या शेजारी बसलेली बाई तोंड उघडून किंचाळत होती आणि मला काही ऐकू येत नव्हतं. ती त्याची आई होती. जोलीन.

गालाचं हाड मोडलंय. डाव्या डोळ्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत.

टेट धावत पिचरकडे गेला, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. त्याला सोडवायला तिघेजण लागले. कोच सगळ्यांना सांगत होते की यात कुणाचाही दोष नाही, खेळात होतं. सगळे माझ्याही पाठीवर थोपटून गेले. मला! आर्लीन, माझ्या पाठीवर!

मर्ल

---

ओमाहा
२७ जून २०१२

प्रिय दादा,

दोन दिवस लिहायला बसते आणि उठते. फोन उचलून रोंडाला दोन वाक्यं सांगितली असती तर ते पोर आज गाई पिळत असतं. भावाची लाज राखायला मी तिकीट चिकटवत बसले. तुझ्यावर ओरडायचा मला आता हक्क नाही.

पण सांगायला तर हवं. डॉक्टरांना नाही, देवाला नाही, क्राउसना. आणि टेटलाही. तो बिचारा स्वतःच्या हाताला शिव्या देत असेल. त्याला कळू दे की हात त्याचा होता, पण करणी तुझी.

उलट टपाली लिही. जेवतोस का?

आर्लीन

---

लिंडेनफोर्क
८ जुलै २०१२

चि. आर्लीनला आशीर्वाद.

अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवतो, रोज गाडी क्राउसच्या फाटकापर्यंत नेतो आणि वळवतो. आता ऐक, माझ्या बोकांडी काय येऊन बसलंय ते.

आपली रीत तुला माहीत आहे. कुणाच्या घरी असं काही झालं की अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये स्पॅगेटीचं जेवण, मग गोड ‘पाय’ आणि गोधड्यांचा लिलाव, जमेल ते त्या घराला. लेव्हीसाठी चौदाला ठेवलंय. दोन्ही गावच्या पोरांनी ठरवलं की लिलावात मुख्य वस्तू ती बॅट. दोन्ही संघांनी तिच्यावर सह्या केल्यात. मैत्री म्हणे. लेव्हीनेसुद्धा केली, एक डोळा पट्टीखाली असताना, दवाखान्याच्या खाटेवर. अक्षर वाकडं आलंय. बॅट आज हॉलच्या काचेच्या कपाटात आहे आणि लोक तिच्याजवळ उभं राहून डोळे पुसतात.

कुणीतरी ती घेईल. घरी नेईल. कुणाचा तरी मुलगा ती एक दिवस खेळायला काढेल.

त्यात कालच कॉलेजचं पत्र आलं, टेटला जागा दिली. ते रोंडाने उघडलं, पोराने हातातही घेतलं नाही. मी तोंड उघडलं की ती जागा गेली. नाही उघडलं तर मी कोण उरतो? जेवतो का विचारलंस. नाही.

तुझा,
मर्ल

---

लिंडेनफोर्क
१५ जुलै २०१२

प्रिय आर्लीनआजीस टेटचा शि. सा. नमस्कार.

आजोबांनी मला तुला लिहायला सांगितलं, कारण त्यांचा उजवा हात सुजलाय.

काल जेवणं झाल्यावर लिलावाला बॅट वर आली तशी आजोबा उठले आणि ती मागून घेतली. त्यांनी कोटातून लोखंड कापायची करवत काढली. लोकांना वाटलं काही खेळ करतायत, काही जण हसले. त्यांनी बॅट टेबलावर आडवी धरली आणि कापायला लागले, बरोबर सह्यांमधून. बॅट सारखी घरंगळत होती. तेव्हा लेव्हीचे वडील उठले आणि काही न विचारता त्यांनी दुसरं टोक धरून ठेवलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं, आजी. म्हातारा एकटा धडपडतोय म्हणून त्यांनी धरलं.

तुकडा पडल्यावर आजोबांनी कड सगळ्यांना दाखवली आणि सगळं सांगितलं. लेथ, झाकण, दीड औंस, सगळं. त्यांना ऐकू येत नाही म्हणून ते फार मोठ्याने बोलतात, तसं बोलले. शेवटी म्हणाले की माझ्या नातवाला यातलं काहीही माहीत नव्हतं. लेव्हीच्या वडिलांनी हातातलं टोक टेबलावर ठेवलं, हात पँटला पुसले आणि ते बाहेर निघून गेले.

आजी, आजोबा खोटं बोलले. त्यांना माहीत नाही की ते खोटं होतं. मला पहिल्याच फटक्याला कळलं होतं. आवाज वेगळा होता, पोकळ. तळहाताला झटकाच लागला नाही. मी सरळ घरी आलो, गॅरेजच्या दारात उभा राहिलो, लेथखाली अ‍ॅल्युमिनियमचा चुरा पडलेला होता. आजोबा एवढे खुशीत होते की मला बोलवेना. आणि खरं सांगतो, चेंडू सोयाबीनमध्ये पडताना मलाही फार आवडायचं.

काल हॉलमध्ये मी ‘पाय’ची बशी मांडीवर घेऊन बसून राहिलो, उठलो नाही. आता हे पत्र पेटीत टाकतो, आजोबांना सांगतो आणि मग लेव्हीकडे जातो. या क्रमानेच जमेल असं वाटतं.

तुझा,
टेट

---

लिंडेनफोर्क
१८ जुलै २०१२

चि. आर्लीनला आशीर्वाद.

हात बरा आहे, अक्षर लागलं तर वाच.

रविवारी टेट परसात आला आणि काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. मोठ्याने बोल म्हटलं. पुन्हा बोलला, पुन्हा नाही कळलं. तिसऱ्यांदा त्याने माझ्या बऱ्या कानाशी तोंड आणून ओरडून सांगितलं की मला माहीत होतं, आजोबा, मला पहिल्यापासून माहीत होतं. शेजारीपाजारी खिडक्यांत आले. पोराचा कबुलीजबाब मी असा तीनदा वदवून घेतला. त्या दिवशीची मिठी मला शाबासकी वाटली होती गं.

मग दोघे क्राउसकडे गेलो. जोलीनने आत घेतलं नाही. लेव्हीच पायरीवर आला. डाव्या डोळ्याला उजेड कळतो, अक्षर नाही. पुढे काय ते कुणी सांगत नाही. कॉलेजला टेटने स्वतः फोन केला आणि जागा गेली. सोमवारपासून तो पहाटे पाचला क्राउसच्या गाई पिळायला जातो. त्यांनी ये म्हटलेलं नाही, पण गोठ्याचं दार उघडं ठेवतात. मी बादल्या धुतो. लेथ विकायला काढलाय.

लेव्हीने टेटचं सगळं ऐकून घेतलं, शिवी नाही, काही नाही. एवढंच विचारलं, की तो चेंडू माझ्या डोक्यावरून कुंपणापार गेला असता तर सांगितलं असतंस का? टेटने माझ्याकडे पाहिलं. मग लेव्हीने चांगला डोळा माझ्याकडे वळवला. तो तेच मला ओठ सावकाश हलवून विचारत होता, मला कळावं म्हणून. मला स्पष्ट कळलं, आणि तरी मी कानाला हात लावून ऐकू आलं नाही असं दाखवलं.

उद्या पहाटे त्याला उत्तर देईन. लोभ मागायला तोंड नाही, तरी असू दे.

तुझा दादा,
मर्ल