डावा मोर

आर. के. पुरम, नवी दिल्ली
१७ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
खंडेरावचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. दिवाळीला तुझा चकल्यांचा डबा आला, त्याची पोचही दिली नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि हे श्रीरंगासमोर, पोटच्या पोरासमोर, ओरडून सांगण्यासारखे नाही.

इंदुमतीचे काहीतरी बिघडले आहे. आपल्या क्षिप्राच्या लग्नासाठी ती सहा वर्षे अंतरपाट भरते आहे. मधोमध स्वस्तिक, दोन्ही अंगांना मोर. तिची नजर मंदावल्यापासून रोज सकाळी मीच दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवतो. दसऱ्यापासून सुया दोऱ्यासकट तशाच परत येतात. उजवा मोर पिसाऱ्यासकट झाला, डाव्याच्या नुसत्या पेन्सिलच्या रेघा. भर म्हटले तर म्हणते, झाला की सगळा, आता काय भरायचे? अर्धे कापड डोळ्यांसमोर कोरे, आणि ही म्हणते झाला!

जेवणातही लक्ष नाही. भाजी-आमटी संपवते, चटणी-कोशिंबिरीला बोट लावत नाही. मी शेजारी बसून बोलतो, तर भिंतीशी बोलल्यासारखे.

क्षिप्राने लखनौचा मुलगा स्वतः पसंत केला, ते हिला लागले असावे. रागाच्या भरात मी पोरीला तसे सांगूनही बसलो. ती म्हणाली, ठीक आहे आजोबा, मी ऑनलाइन मागवते. त्यानंतर गुडगावहून तिचा फोन नाही. लग्न माघात आहे. आजी-नातीत मीच भिंत घातली की काय, या काळजीने अन्न गोड लागत नाही.

तूच इंदुमतीला दोन शब्द लिही. तुझे ती ऐकते.

तुझा,
खंडेराव


मिरज
२५ नोव्हेंबर २०२४

चि. खंडूस,
अनेक आशीर्वाद.

तुझे अक्षर सातवीत होते तिथेच आहे, भिंग लावून वाचले. इंदुमतीला नाही, तुलाच लिहिते.

कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाऊसात तीस वर्षे साहेबलोकांना ताटे वाढलीस ना? मग सांग, चटणी-कोशिंबीर ताटात कुठल्या बाजूला वाढतात? जेवताना तू तिच्या कुठल्या हाताला बसतोस? आणि कोरा राहिला तो मोर कुठला?

ह्यांची दाढी आठव. उजवा गाल गुळगुळीत करून बाहेर यायचे, डाव्यावर साबणही नसायचा. मी हसायची, आरसा पुढे धरायची. ते म्हणायचे, केली की सगळी. मी दोन महिने हसत राहिले. पुढचे तुला ठाऊक आहे.

तिने रुसवा धरलेला नाही, खंडू. तिचे ताट एकदा फिरवून बघ. मग तसाच ऊठ आणि श्रीरंगाला सांग. तिच्यावर ओरडू नकोस. नातीला मात्र खरे सांग.

माझा जीव तिकडेच आहे.

तुझी,
अक्का (अलकनंदा)


आर. के. पुरम, नवी दिल्ली
५ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र शनिवारी जेवणाच्या वेळेला मिळाले. ते खिशात घालून आत गेलो आणि तिचे ताट अर्धे फिरवले. तिने चटणी बोटाने चाटूनपुसून खाल्ली. भाजी तशीच राहिली. वर मला विचारते, आज भाजी केली नाही का? अक्का, तीस वर्षे ताटे वाढली, आणि घरातले एक ताट मला वाचता आले नाही.

श्रीरंगाने सुट्टी घेतली. डॉक्टरांनी तिला घड्याळ काढायला सांगितले. तिने बाराच्या बारा आकडे उजवीकडेच दाटीने मांडले आणि छान आलंय ना म्हणून माझ्याकडे बघितले. डॉक्टर हसले नाहीत. उद्या डोक्याचा फोटो आहे.

क्षिप्राला सगळे सांगितले, माझी चूकही सांगितली. ती आली, आजीच्या उजव्या हाताला बसून खूप बडबडली. ती गेल्यावर मी अंतरपाट उलटा फिरवून इंदुमतीपुढे धरला. कोरी बाजू तिला दिसली. म्हणाली, मी पुरा केला होता, हा मोर उसवला कुणी?

मी म्हणालो, मी उसवला.

पन्नास वर्षांत बोलली नसेल इतके बोलली. वेड लागलंय का, माघ तोंडावर आला, म्हणाली. मग म्हणाली, उभे काय राहिलात, सुया ओवा. आज चार सुया रिकाम्या झाल्या. मोर तिच्यासमोर डोके खाली करून आहे, पण ती भरते आहे.

एक विचारतो. तू ते कधी बोलली नाहीस, मीही विचारले नाही. दाढी तशी राहू लागल्यापासून दाजींना किती दिवस मिळाले? त्या हिशेबाने मला मोराची पिसे मोजायची आहेत. जे असेल ते लिही, माझ्यासाठी कमी-जास्त करू नकोस. पण लगेच लिही.

तुझा,
खंडू