सातव्या होलचे नऊ बंकर

३ जानेवारी, सकाळी ७
क्लबच्या अडगळीत आपल्या गोल्फच्या मैदानाचा फोटो सापडला. विमानातून काढलेला, सत्तर वर्षं जुना. सातव्या होलवर नऊ पांढरे चौकोन. बंकर! वाळूचे खड्डे, तेही चौकोनी! काय डोकं असेल आखणाऱ्याचं! मैदान आता मूळ होतं तस्सं करणार. जीर्णोद्धार कमिटीचा प्रमुख मीच. ठराव एकमताने पास.
संकल्प: रोज पहाटे पाच किलोमीटर चालणे.

४ जानेवारी
चाललो नाही. गुडघा.
लेकीचा फोन. म्हणे, बाबा, चादर बदललीत का? ही जाऊन सव्वा वर्ष झालं, लेकीचं तेच पालुपद. हिने स्वतः घातलेली चादर आहे, स्वच्छच असणार. मी ठीक आहे. काहीच वाटत नाही, म्हणजे ठीकच.

१९ जानेवारी
खणायला सुरुवात. हेड माळी म्हणतो, साहेब, तिथे वाळू कधीच नव्हती, आमच्या तीन पिढ्या इथेच गेल्या. म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? फोटो बघायला मागत होता. दिला नाही. हात मातीचे होते.

२ फेब्रुवारी
चार फूट खाली गेलो. जुन्या वाळूचा कण नाही. वाहून गेली असणार. क्लबचा कॅप्टन म्हणाला, कुणाला पुरायचंय? मीही हसलो, बहुतेक.
चालणं: उद्यापासून नक्की.

२० फेब्रुवारी
उद्घाटन. सगळ्यांचे चेंडू कोपऱ्यांत अडकले. एका मेंबरला शिडी लावून वर काढलं. लोकांना दर्जा झेपत नाही.
फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता. हेड माळी त्याच्यासमोर बराच वेळ उभा. मग चौकोनांजवळच्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला, साहेब, ही आमची आजी. सोमवारी क्लब बंद असायचा, तेव्हा ती पाहुण्यांच्या खोल्यांतल्या चादरी धुऊन सातव्यावर वाळत घालायची. नऊ खोल्या होत्या.
कॅप्टन मागेच उभा होता.

२१ फेब्रुवारी
राजीनामा मागितला. दिला. खड्डे सोमवारी बुजवणार. काही वाटलं नाही.

२२ फेब्रुवारी, दुपारी
करायला काही नव्हतं. पलंगावरची चादर काढून धुतली. दवाखान्यात निघायच्या सकाळी हिने घातलेली. पिळायला दुसरं टोक धरणारं कुणी नाही. तशीच निथळती गवतावर पसरली. गच्चीवर जाऊन खाली पाहिलं. हुबेहूब बंकर. मग मात्र खूप रडलो.