बिनकॅफीनची तरतरी

कोपरखैरणे,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. क्षिप्रा,

अनेक आशीर्वाद. नाशिकला सगळी मंडळी ठीक असतील. इकडे तुझा दादा मजेत आहे. चहा मात्र शेजारच्या हरेशभाईंकडे जाऊन पितो, कारण नुसत्या वासानेसुद्धा माझा जीव खालीवर होतो. डॉक्टरांनी माझा चहा बंद केला त्याला वर्ष झालं, पण तल्लफ बाई अजून दोन्ही वेळा न चुकता येते.

तुझं चौथं पार्सल पोचलं. नणंदेने वहिनीचे इतके लाड करू नयेत गं, समस्त नणंदांचं नाव खराब होतं. कॅफीन नसलेली एवढी एनर्जी ड्रिंक्स तू शोधतेस तरी कुठून? त्यातलं संत्र्याचं म्हणजे खोकल्याच्या औषधाची सख्खी बहीण. व्हिटॅमिनवालं प्यायले तर लघवी पिवळीजर्द झाली आणि मी घाबरले. दादा म्हणतो, "टेन्शन नको घेऊ, परत हळद लागली समज." तिसऱ्यावर पुढे मोठ्या अक्षरात कॅफीन नाही असं लिहिलंय, आणि मागे बारीक अक्षरात हिरव्या चहाचा अर्क. उपासाच्या थाळीत कांदा घालावा तशातली गत. नारळपाण्याचं चांगलं होतं, पण शहाळं मला खाली गाडीवरच मिळतं.

आता खरं सांगते. फोनवर मी "काय तरतरी आली गं" म्हणायचे, ती थाप होती. रविवारी संध्याकाळी तुझा फोन येणार म्हणून मी दुपारभर पडदे ओढून पडून राहायचे. दादाशीही बोलायचे नाही. जे साठायचं ते सगळं तुझ्याशी हसण्यात संपायचं आणि दुसऱ्या दिवशी मेथी निवडायलाही बसवायचं नाही. डोक्याला मार लागल्यापासून माझं आमच्या सोसायटीच्या पाण्यासारखं झालंय. सकाळी थोडा वेळ येतं, तेवढ्यात काय ते उरकायचं. मिक्सर लागला, दोन माणसं एकदम बोलली, की नळ कोरडा. कुठल्याच डब्याने त्यात फरक पडला नाही. पण मी बरी वाटले की तुझा आवाज खुलायचा, म्हणून थापा मारत गेले.

मी पडले त्या दिवशी वाशीहून येताना स्कूटर तू चालवत होतीस. कुत्रं आडवं आलं. तुझ्या जागी मी असते तर मीही ब्रेकच दाबला असता. यावर मी कधी बोलले नाही, कारण माझ्या मनात तसं काही नव्हतंच. माझ्या गप्प राहण्याचा तू भलताच अर्थ लावलास. गेल्या दिवाळीत माहेरी आली नाहीस, भाऊबीजेला दादालाच तिकडे बोलावलंस. गणपतीत म्हणे रजा नव्हती. पार्सल मात्र येतं.

परवा मी डॉक्टरांना सरळच विचारलं. त्या म्हणाल्या, "थोडं सुधारेल, पण हा थकवा बहुतेक राहील. त्याच्याबरोबर जगायला शिकायचं." परतताना रिक्षात मला मात्र तुझीच धास्ती वाटली. वहिनी पहिल्यासारखी झाली की जाईन, असं तू मनाशी धरलं असशील, तर क्षिप्रा, तू या घरी कधीच येणार नाहीस. थकवा मी सोसेन. हे मला सोसवणार नाही.

म्हणून या दिवाळीला ये. रिकाम्या हाताने ये. मी झोपलेली असले तर उठवू नकोस, आणि गुन्हेगारासारखी बाहेरच्या खोलीत बसूनही राहू नकोस. चपला काढ आणि माझ्या शेजारी येऊन पड.

तुझ्यासाठी अर्धी गादी मोकळी ठेवणारी,
जयमालावहिनी