मोटेवरचं गाणं, कवी अज्ञात

मंडईजवळ, पुणे
१० एप्रिल १९९४

ति. सौ. शालनवहिनींस,
श्रीधरचा शि. सा. न. वि. वि.

चंद्रपूरच्या उन्हात तुमचं आणि दादाचं भरीत झालं असेल, म्हणून उन्हाळ्याचा शिधा पाठवतोय. तीन नव्या कॅसेट. पहिली 'बिनछप्पर', नागालँडच्या पोरांचं रॉक. गिटार करवतीसारखी चालते, तेव्हा दादा पॉवरहाऊसवर गेल्यावरच लावा. दुसरी 'नाचणी'. कोकणातल्या बायकांची भातलावणीची गाणी आहेत. ही दुपारी, वाळ्याचे पडदे सोडून, आवाज बारीक ठेवून ऐकायची. मध्येच एक बाई खोकते, ते कापलं नाही हे मला फार आवडलं.

तिसरी 'पाटाचं पाणी', आमच्याच बँडची. हो, झाली एकदाची! विहिरीवर पंप बसेपर्यंत आबा मोट हाकताना जे गाणं म्हणायचे, ते आम्ही ढोलकी आणि गिटारवर घेतलंय. मी कंपनीतली नोकरी सोडून गिटार धरली तेव्हापासून आबा माझ्याशी बोलत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. भाजी घेऊन मंडईत येतात, माझ्या जिन्याखालून जातात, पण वर येत नाहीत. हे गाणं ऐकून तरी येतील, अशी आशा आहे. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठीच कॅसेट काढली. एक आईकडे देऊन ठेवलीय.

कुठली आवडली ते कळवा. दीर म्हणून मार्क वाढवू नका. लोभ आहेच, उकाड्यात तो आटू देऊ नका.

आपला,
श्रीधर

चंद्रपूर
२२ एप्रिल १९९४

प्रिय श्रीधरभाऊजी,
स. न. वि. वि.

कॅसेट पोचल्या. 'बिनछप्पर' तुमच्या दादांपासून लपवायला सांगितलीत, तर तेच रोज जेवताना ती लावून मान हलवतात. शेजारच्या काकूंनी मिक्सर बिघडला का म्हणून विचारलं. 'नाचणी' लावली की मला गाढ झोप लागते, हे कौतुक समजा. सगळ्यांत चांगली तुमचीच. मार्क वाढवलेले नाहीत, उलट ढोलकीत शब्द बुडतात म्हणून थोडे कापलेत.

पण कव्हर वाचलं आणि कपाळाला हात लावला. मोटेच्या गाण्यापुढे 'पारंपरिक, कवी अज्ञात' छापलंत! अहो, तो कवी हडपसरला राहतो आणि तुम्ही त्याचे चिरंजीव आहात. त्यांच्या लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात आत्याबाई, म्हणजे तुमच्या आई, रुसून सासवडला माहेरी जाऊन बसल्या, तेव्हा मामंजींनी मोट हाकता हाकता ते जुळवलं आणि सासवडच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीवानांना शिकवलं. म्हणजे गाणं तिथवर पोचावं. पोचलं, आणि आत्याबाई परत आल्या. माझ्या बाळंतपणात डोक्याला तेल लावताना त्यांनी मला सांगितलं. बायकोसाठी गाणं रचलं हे मामंजी मुलांना कशाला सांगतील? तुम्हाला तरी काय म्हणणार, पंचक्रोशीत सगळेच ते म्हणतात.

आता त्यांनी कव्हर वाचलं असेल तर जिना चढायचे राहिलेच. मला फार वाईट वाटतंय. पत्र लिहीत बसू नका, पीएमटीची बस पकडा आणि तोंडाने माफी मागा. काय झालं ते मात्र लगेच लिहा, इकडे घास उतरत नाही.

तुमची,
शालनवहिनी

पुणे
२८ एप्रिल १९९४

ति. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

जाऊन आलो. आबा मळ्यात होते. चूक झाली, पुढच्या कव्हरवर तुमचं नाव घालतो, असं सांगितलं. छापलं ते छापलं, एवढंच म्हणाले आणि पंप बघायला गेले. आईने थालीपीठ वाढलं. परत येताना बसमध्ये मला रडू आलं. ज्या माणसासाठी एवढं केलं, त्यालाच मी बेवारस करून टाकलं.

या वेळी गाण्यांची शिफारस नाही. मन लागत नाही. आशीर्वाद तेवढे असू द्यावेत.

आपला,
श्रीधर

हडपसर
५ मे १९९४

चि. श्रीधर यास,
हिंदुरावाचे अ. उ. आ.

कॅसेट ऐकली. तुझी आई सारखी लावते, म्हणून ऐकावी लागली. पहिलं कडवं बरं आहे. दुसऱ्यात चूक आहे. बैल धावेच्या उतारावरून खाली जातात, मोट वर येते, तेव्हा ओळ लांबवायची. तू बैल मागे येताना लांबवलीस. असं गाऊन पाणी चढत नाही.

कव्हर बदलू नकोस. मंडईत कॅसेट वाजते, तेव्हा अडते गाणं कुणाचं म्हणून विचारतात. मी म्हणतो, अज्ञात आहे. त्यावर ते म्हणतात, कुणी का असेना, माणूस जीव लावणारा होता. तोंडावर कोणी एवढं बोलत नाही.

गाण्याला तिसरं कडवंही आहे. ते गाडीवानांना दिलं नव्हतं, म्हणून तुला ठाऊक नाही. ते फक्त तुझ्या आईचं होतं. तिची काल परवानगी काढली. पत्रात लिहिण्याजोगं नाही, गाऊनच द्यावं लागेल. शुक्रवारी भाजी उतरवली की वर येतो. चहा ठेव. गिटार लावून ठेव.

तुझे आबा,
कवी अज्ञात