दोन दारांची टवळी

४ मार्च, रविवार, दुपार
आज दिराला सगळ्यांसमोर सुनावलं. बरं वाटलं.
ह्यांची दोन दारांची स्पोर्ट्स कार. वय तेहेतीस, माझ्या लेकीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. हे गेल्यापासून वर्षभर गॅरेजात झाकून उभी. दीर जेवता जेवता म्हणाला, वहिनी, गाडी मला द्या, तुमच्याच्याने व्हायचं नाही, गंज खाऊन मरेल ती. मी म्हटलं, भाऊजी, तुमचंही मॉडेल जुनंच, तुम्हाला कोणी नेतंय का बघा आधी. लेक हसली. जावयाला ठसका लागला. दीर हसला नाही. हसेल कसा, जन्मतःच तोंडाला गॅस्केट बसवलंय.
शब्दाने शब्द वाढला आणि पैज लागली. १६ एप्रिलला गाडीची सरकारी तपासणी. मी स्वतः तयार करायची, स्वतः चालवत न्यायची, आणि पहिल्याच फेरीत पास करून आणायची. पास झाली तर दिराने जन्मात पुन्हा गाडीचं नाव काढायचं नाही. नापास झाली तर किल्ली त्याची.
सहा आठवडे आहेत. दोन पुरतील. उरलेल्या चारांत रंगाचं बघू.

५ मार्च
वीस वर्षं ह्यांचे रविवार या टवळीने खाल्ले. हे आणि दीर तिच्या पोटाखाली. बाहेर नुसते चार पाय. मी चहाचे कप पायांशी नेऊन ठेवायचे, झालं आमचं बोलणं. एकदा म्हटलं, लायसन आहे माझ्याकडे, मला चालवू द्या की. ह्यांनी दिराकडे पाहिलं, दिराने गाडीकडे पाहिलं. विषय संपला.
म्हणून गाडी आता माझी. जीव वगैरे काही नाही तिच्यावर. हक्क आहे.
संकल्प: रोज सकाळी सहा ते आठ गाडीचं काम.

६ मार्च
कंबर धरली. सुट्टी.

९ मार्च
नवी बॅटरी बसवली. बॉनेट उघडून दोन तास पाहणी केली. इंजिन म्हणजे शिवणयंत्रच, जरा बाळसं धरलेलं. दोरा कुठून येतो नि कुठे जातो कळलं की झालं. सातवीत मास्तर म्हणाले होते, डोकं आहे तुला, वापरत नाहीस. जपून ठेवलं होतं, आता काढलं.
किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात चालू! लगेच दिराला फोन लावून इंजिनाचा आवाज ऐकवला. म्हणाला, खाली ऑइल गळतंय का ते बघा. जळतोय मेला.
(गळत होतं. थोडंच. खाली ताट ठेवलं.)

१३ मार्च
गाडी चालू होते म्हणजे दुरुस्ती संपली. आता मॉडिफिकेशन. मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले, त्यातला एक पूर्ण. यादी केली: गाडी खाली बसवणे, जाड सायलेन्सर, रेसिंगची सीट, मागे पंख, काळ्या काचा, तीन सुरांचा हॉर्न.
कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. मी त्याला हातोडा म्हणते, कारण बाटलीचं झाकणही तो हातोड्यानेच उघडेल. यादी बघून म्हणाला, आजी, तपासणीच्या तोंडावर असलं करू नका. म्हटलं, आजी कोणाला म्हणतोस रे, माझ्या एका वेणीत तुझ्यासारख्या चार डोक्यांचे केस निघतील. गाडी खाली बसवायला स्प्रिंगा कापून दिल्या त्याने.

१९ मार्च
गाडी चार बोटं खाली बसली. काय ऐट! बाहेर काढताना पोट गॅरेजच्या उंबऱ्याला घासलं. उंबराच उंच आहे. गवंडी सांगितला.

२२ मार्च
रेसिंगची सीट बसवली. बसले की धप्पकन आत, आजूबाजूने घट्ट. दीर नेमका तेव्हाच उगवला. गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, आता उठून दाखवा. मी म्हटलं, मला घाई नाही. तो उभा, मी बसलेली. हवापाण्याच्या गप्पा मारल्या. पंधरा मिनिटांनी गेला. हरला.
त्यानंतर वीस मिनिटांत उठले. सीटच्या कडेवर पालथं होऊन आधी एक गुडघा बाहेर टाकायचा. सोपं आहे.

२५ मार्च, सकाळ
आज एक मोठं काम. डेल्कोच्या टोपीतून चार वायरी निघतात नि चार प्लगांना ठिणगी नेतात. जुन्या वायरी काळ्याकुट्ट, आखूड-लांब, भिकाऱ्याच्या झोळीच्या बंदासारख्या. सगळ्या एकदम उपटल्या. नव्या आणल्या, लालभडक, चारही सारख्या लांबीच्या. आता कसं टापटीप.
जुन्या कचऱ्याच्या गाडीत दिल्या.

२५ मार्च, दुपार
चालू होत नाही.

२६ मार्च
हातोडा आला, बघून कपाळाला हात लावला. म्हणाला, कोणती वायर कुठे याचा एक क्रम असतो, जुन्यांच्या लांबीवरून तरी कळला असता, या इंजिनाचा मला माहीत नाही. माहीत असेल तर तुमच्या दिरांना. मी म्हटलं, एवढं टक्कल पडेपर्यंत शिकलास काय मग? तो आपले पाने-पक्कड गोळा करून निघून गेला. फोनही उचलत नाही. नाजूक माणूस.
दिराला विचारणार नाही. जीव गेला तरी. चार वायरी, चार जागा, चार चोक सोळा. सोळा प्रकारे लावून बघायचं. रोज चार केले तर चार दिवस.

३० मार्च
सोळा झाले. नाही.
लेकीला फोनवर सहज विचारलं. म्हणाली, आई, चोवीस प्रकार होतात. मास्तरांनी हे शिकवलं तेव्हा मी घरी असणार. आणि सोळांतले कुठले केले ते लिहून ठेवलं नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून.

२ एप्रिल
एका प्रकारात सायलेन्सरमधून असा बार उडाला की समोरचे गृहस्थ अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून रस्त्यावर आले. म्हणाले, काय फुटलं? म्हटलं, तुमची झोप. प्रगती आहे. आवाज आला म्हणजे इंजिनाला इच्छा आहे.

५ एप्रिल
दीर आला. लाल वायरी बघितल्या आणि रंगच उडाला त्याचा. म्हणाला, दादाच्या वायरी कुठे आहेत? त्या त्याने एकेक मापून कापल्या होत्या. मी म्हटलं, कचऱ्यात शोभत होत्या. म्हणाला, वहिनी, तुम्हाला गाडी नकोच आहे. तुम्हाला फक्त मला ती मिळायला नको आहे.
दार आपटून गेला.
काय पण डोकं. मला नको असती तर मी एवढं केलं असतं का? पंख बसवला असता का? दिवसभर डोक्यात तेच. जेवण गेलं नाही. मूर्ख माणसाचं मनाला लावून घेत नाही मी.

८ एप्रिल
आठ दिवस राहिले. युक्ती केली.
दिराला फोन लावला. विचारायला नाही. म्हटलं, भाऊजी, गाडी झकास चालते हो. वायरी एक-दोन-तीन-चार अशा सरळ ओळीत लावल्या. तुमच्या दादाने उगाच गुंतवळ करून ठेवलं होतं, त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं.
दीर फुटलाच. एक-तीन-चार-दोन! वहिनी, एक-तीन-चार-दोन, घड्याळाच्या उलट! दादाला कळत नव्हतं म्हणता? झोपेत लावायचा तो! पहिली वायर गॅरेजच्या खिडकीच्या बाजूच्या खाचेत, हे शेंबड्या पोराला कळेल! अजून बरंच बोलला. त्याला वाटलं तो मला झापतोय. मी लिहून घेत होते.
चालू! दुसऱ्या झटक्यात.
नोंद: दिराची मदत घेतलेली नाही. त्याने बोलायचं ठरवलं, मी ऐकायचं.

१५ एप्रिल
सगळी तयारी झाली. गाडी धुतली, पंख पुसला, हॉर्न तीनही सुरांत वाजवून पाहिला. दिराला निरोप धाडला, उद्या दहाला तपासणीच्या आवारात या, रुमाल आणा. पास होणार यात शंकाच नाही. परत येताना कुठल्या रस्त्याने यायचं तेवढं ठरवायचंय. लांबचा घेईन. लोकांनी बघायला नको?

१६ एप्रिल, सोमवार
अकरा किलोमीटर स्वतः चालवत नेली. एकदाही बंद पडली नाही. हे आधी लिहून ठेवते.
आवाराच्या फाटकात गतिरोधक होता. त्याच्यावर सायलेन्सर राहिला. मागच्या ट्रकवाल्याने उचलून आणून दिला, म्हणाला, मावशी, तुमचं काहीतरी पडलं. तपासणी साहेबाच्या टेबलापर्यंत अख्ख्या आवाराने कान झाकले होते.
साहेब म्हणाला, बाई, उतरा. मी म्हटलं, बसूनच सांगते काय ते. तो म्हणाला, उतरावंच लागेल. पालथं होऊन गुडघा टाकायला गेले तर पट्टा अडकला. शेवटी एक हात साहेबाने धरला, एक त्याच्या कारकुनाने, आणि बाटलीचं बूच काढावं तसं मला काढलं. दीर हाताची घडी घालून उभा. हसला असता तर बरं झालं असतं.
नापास. सहा कारणं: स्प्रिंगा, सायलेन्सर, सीट, पंख, काचा, हॉर्न. बाकी इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग यांपुढे साहेबाने उत्तम असं लिहिलं, आणि विचारलं, एवढी जुनी गाडी, इंजिन कोणी सांभाळलंय? दीर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, ह्यांनी. साहेबाने दिराकडे पाहिलं. म्हटलं, हे नव्हेत हो. आमच्या ह्यांनी.
किल्ली मीच दिराच्या हातावर ठेवली. त्याने मागितली नव्हती, फक्त हात पुढे केला होता.

१७ एप्रिल
गाडीचा कंटाळाच आला होता. नाहीतरी उन्हाळ्यात आत फार उकडतं. सुटले.

२२ एप्रिल
दीर रोज येऊन गॅरेजात काम करतो. त्याच्याकडे जागा नाही म्हणून गाडी माझ्याकडेच. कुठून तरी जुन्या स्प्रिंगा आणल्या. म्हणे दादाने एक जोड त्याच्या घरी ठेवली होती, वेळेला लागेल म्हणून. मला कधी बोलले नाहीत. पंख काढला, काचा खरवडल्या, हॉर्न काढून माझ्या खिडकीत ठेवून गेला. हातोडाही त्याच्या हाताखाली. माझ्याशी बोलत नाही, दिराला मात्र साहेब साहेब.
मी आत जात नाही. मुळीच जात नाही. आज फक्त तीनदा गेले, झाडू आणायला.

२६ एप्रिल
दुसऱ्या फेरीत पास. हातोड्याने चालवत नेली, दीर ऐटीत शेजारी. बघा, मालक झाल्या झाल्या माणसाला ड्रायव्हर लागतो.

२९ एप्रिल, रविवार
सकाळी सातला बेल. दीर. म्हणाला, वहिनी, खाली या. म्हटलं, हिणवायला आला असाल तर इथूनच हिणवा, ऐकू येतं मला. म्हणाला, चप्पल घालून या.
गॅरेज उघडलं, गाडीला वळसा घालून गेला आणि शेजारच्या सीटवर बसला. किल्ली माझ्यापुढे धरली. म्हटलं, हे काय? समोरची काच आतून रुमालाने पुसली. मग म्हणाला, डॉक्टरांनी गेल्या वर्षी गाडी चालवणं बंद केलंय. डोळे. दादा आजारी होता, म्हणून कोणाला सांगितलं नाही. मग सांगायचं राहिलंच.
मी म्हटलं, मग भांडलात कशाला, चालवता येत नाही तर? म्हणाला, विकली असतीत तुम्ही.
विकली असती का? आधी वाटलं, हो. मग वाटलं, पहिल्याच आठवड्यात. दिराला म्हटलं, छे!
चाळीस मिनिटं चालवली. जुनी सीट परत बसवली आहे, उतरता येतं. त्या चाळीस मिनिटांत तो बावीस वेळा ओरडला. क्लचवर पाय ठेवून बसू नका. गियर बदला, ती धापा टाकतेय. बाजूने जाणाऱ्यांना टोमणे मारू नका. वळणावर डोळे मिटून ऐकत होता, म्हणाला, तिसऱ्यात घ्या, दादा इथे तिसऱ्यात घ्यायचा. घेतली. गाडी अशी गेली की मला एकही टोमणा सुचला नाही.
परत आल्यावर किल्ली खिशात घातली त्याने. म्हणाला, पुढच्या रविवारी सातला तयार राहा, आजच्यासारखा उशीर नको. चार खरमरीत उत्तरं तोंडाशी आली होती. मी बरं म्हणाले.
म्हणजे एकसष्टाव्या वर्षी मी ड्रायव्हरच्या नोकरीला लागले. बिनपगारी. सुट्टी सोमवार ते शनिवार.